गजावरची खूण

आमच्या घराण्यात चुली तीन होत्या आणि बंदूक एक. एक चूल थोरल्या आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. दुसरी आमची, माझ्या वडिलांची, ज्यांना घरातले आणि गावातले सगळेच अण्णा म्हणत. तिसरी गौराआत्याची. आत्या या दोघांच्या पाठची, ऐन तरुणपणी नवरा गेला तशी माहेरी परत आली. पण भावांच्या ओसरीवर बसून खायचं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं आपला वाटा मागून घेतला, ओढ्याकडचं रान घेतलं आणि त्याच रानाच्या तोंडाला दोन खोल्या बांधून राहिली. जमीन वाटली, बैल वाटले, पितळेची घंगाळं वाटली. बंदूक मात्र वाटता येईना. तिचा परवाना पिकाच्या राखणीसाठी थोरल्या आप्पांच्या नावावर होता. तेव्हा असं ठरलं की बंदूक वर्षभर एका घरी राहील आणि येळवशीच्या सणाला पुढच्या घरी जाईल. आप्पा म्हणाले होते, "बाईमाणसाला बंदूक कशाला?" त्यावर अण्णा म्हणाले, "डुकरं काय बाईमाणूस बघून येत न्हाईत." तेव्हापासून आत्याचीही पाळी लागली.

ती ठासणीची बंदूक होती. माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती फोनवर शोधून कुठल्या तरी संग्रहालयातलं चित्र दाखवतात, चांदीच्या वेलबुट्टीचं. आमची तशी नव्हती. दस्ता काळा पडलेला, एका जागी फुटला होता तिथं पत्र्याची पट्टी ठोकलेली. नळी लांबलचक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर लांब गजानं ठासायचा. मागं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवली की चाप ओढायचा. एवढं सगळं होईस्तोवर डुक्कर शेजारच्या गावात पोचलेलं असे. पण बार झाला की त्याचा आवाज ओढ्याच्या दोन्ही अंगांना घुमायचा आणि पुढं चार दिवस रान शांत राहायचं. मारायचं असं कुणाच्या मनातही नसे, आणि आमच्या घरात मारलं असतं तरी खाणारं कोणी नव्हतं. गळ्यात लिंग असलेल्या घरात बंदुकीला जी इज्जत होती ती केवळ तिच्या आवाजाला.

मूळचा गज लोखंडी होता, तो माझ्या जन्माआधीच कुठंतरी हरवला. गावच्या सुताराकडून धामणीच्या लाकडाचा नवा करून घेतला होता. त्याच्यावर आप्पांनी एक खूण करून ठेवली होती, तांब्याच्या तारेचे तीन वेढे. नळी रिकामी असली की गज आत सोडल्यावर तो वेढा बरोबर नळीच्या तोंडाशी यायचा. आत बार ठासलेला असला तर वेढा चार बोटं वर राहायचा. कळायला इतकं सोपं की आम्ही पोरंसुद्धा लांबून सांगायचो. आप्पा दर वर्षी, बंदूक हातात असो वा नसो, एकच वाक्य म्हणायचे, "माणूस इसरतंय, गज इसरत न्हाय. भरल्यावर भरली तर नळी फुटंल, बघा." आम्ही ते वाक्य आरतीसारखं पाठ केलं होतं. म्हणजे शब्द सगळे येत होते, अर्थाकडं लक्ष नव्हतं.

देण्याघेण्याची एक रीत होती आणि ती फार कडक होती. देणाऱ्यानं सगळ्यांसमोर गज घालून बघायचं, बार असला तर तो काढायचा, आणि "रिकामी हाय" असं म्हणून बंदूक द्यायची. घेणाऱ्यानं पुन्हा गज घालून खात्री करायची नाही. तो देणाऱ्याच्या शब्दाचा अपमान. घेणाऱ्यानं सरळ ठासायची आणि आभाळाकडं तोंड करून आपल्या वर्षाचा पहिला बार काढायचा. माझ्या आठवणीत ही रीत कधी कुणी मोडली नाही, आणि ती किती धोक्याची आहे हेही कधी कुणाच्या मनात आलं नाही.

येळवस म्हणजे आमच्या भागात दिवाळीहून मोठा दिवस. अक्कलकोटच्या खाली, जिथं माणसं एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात, तिथं अमावास्येच्या त्या दिवशी गावात कुलपं असतात आणि सगळी माणसं रानात. अव्वा, म्हणजे माझी आई, दोन दिवस आधीपासून चुलीपुढून हलायची नाही. ज्वारीचं पीठ ताकात कालवून केलेलं आंबील मडक्यात भरलेलं, त्याचा तो आंबूस वास घरभर. तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या, मिळतील तेवढ्या ओल्या शेंगांचे दाणे, मेथी, चुका, चिंच आणि बेसन घालून केलेली दाट भज्जी. ज्वारीचे वाफवलेले उंडे. गव्हाची खीर. हे सगळं टोपल्यांत भरून, वर पांढरं धोतर झाकून, बैलगाडीतून रानात जायचं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी केलेली असायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड आणि पुढं लक्ष्मी. पूजा झाली की अण्णा आंबिलाचं मडकं घेऊन उभ्या ज्वारीभोवती फिरत आंबील शिंपडत आणि आम्ही मागून ओरडत जायचो. आता माझे पुतणे चारचाकीनं तासाभरात जाऊन येतात आणि मला जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवतात. भज्जी मात्र फोटोतही चांगली दिसते, हे कबूल केलं पाहिजे.

एकच पदार्थ रानात व्हायचा, वांग्याचं भरीत. घरून भाजून आणलेलं वांगं अण्णांना चालायचं नाही. गोवऱ्यांच्या आरावर वांगी लावायची आणि करपू न देता फिरवत बसायचं, हे काम त्या वर्षी आत्यानं मला दिलं. मी तेरा वर्षांची होते आणि हे काम मिळाल्याचा मला अतोनात गर्व झाला होता. "सुशे, वांगी जळाली तर तुलाच भाजीन," असं म्हणून आत्या पूजेकडं गेली. मी ज्वारीचं एक ओलं ताट घेतलं आणि वांगी फिरवायला लागले. ते वाकायचं, हातालाही चटके बसायचे. कोपीला टेकून बंदूक ठेवली होती, तिलाही हळदीकुंकू लागलेलं. नळीखाली तो गज. लांब, सरळ, हातभर काय, चांगला अडीच हात. मी तो ओढून काढला. इतकं सोयीचं हत्यार मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. आरापासून लांब बसून मी राणीसारखी वांगी फिरवत होते.

तेवढ्यात आंबील शिंपायला निघाल्याची ओरड झाली. त्या फेरीला मागं राहणं म्हणजे वर्ष फुकट. मी गज तिथंच टाकून पळाले, आणि परत आले तेव्हा त्याचं टोक आरात होतं. धामणीचं लाकूड धुमसत होतं, टोकाला कोळसा झाला होता. मी तो मातीत खुपसला, पुसला, पण काळं ते काळंच. शेजारी चाऱ्याचा कोयता पडला होता. जळालेलं टोक मी कोयत्यानं सपकन उडवलं, कड मातीनं घासली आणि गज पुन्हा नळीखालच्या खोबणीत सारला. टोक आतल्या अंगाला जातं, बाहेरून काही कळायचं कारण नव्हतं. तारेचे वेढे होते तिथंच होते. उडवलेला तुकडा आरात गेला. तो चार बोटांचा होता. हे मी मोजलं नव्हतं. ते पुढं मोजलं गेलं.

वांगी मात्र झकास भाजली होती. सगळ्यांनी भरिताची स्तुती केली आणि ती मी ताठ मानेनं ऐकली.

जेवणं झाली. बायका भांडी गोळा करत होत्या, आप्पा पान लावत बसले होते. त्या वर्षी बंदूक आमच्याकडून आत्याकडं जायची होती. अण्णांनी बंदूक उचलली आणि ते जरा थांबले. दोनच दिवसांआधी सांजेला आम्ही दोघं रानात होतो, अण्णा आणि मी. ज्वारीत डुकरं शिरली म्हणून अण्णांनी बंदूक ठासली होती आणि मी दोन्ही कानांवर हात घेऊन उभी होते. बार झालाच नाही. तेवढ्यात गडी पळत आला की गाय अडली आहे, आणि अण्णा बंदूक तशीच खांद्याला लावून घराकडं धावले. वासरू झालं, आनंद झाला, बंदूक खुंटीला लागली. मला हे लख्ख आठवत होतं, कारण कानांवरचे हात मी फुकटच धरले होते. अण्णांना मात्र त्या गडबडीतलं काही नीट आठवेना.

त्यांनी गज काढला आणि नळीत सोडला. तारेचा वेढा बरोबर तोंडाशी आला. रिकामी. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, ते जरा वाकून हळू म्हणाले, "सुशे, परवा बार काढला न्हवं मी?"

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लहान प्रश्न असेल. मी नाही म्हटलं असतं तर अण्णांनी गज बाहेर काढून न्याहाळला असता, ताजी तासलेली कड त्यांना दिसली असती आणि सगळ्यांसमोर, भरिताची स्तुती अजून हवेत असताना, माझी शोभा झाली असती. मी म्हटलं, "काढला की, अण्णा."

आत बार असताना पुन्हा ठासली तर काय होतं हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ठाऊक होतं. आप्पा दर वर्षी सांगत होते. पण ते ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं, आणि तेराव्या वर्षी ऐकलेल्यापेक्षा अंगावर येऊ घातलेलं बोलणं फार मोठं वाटतं. अण्णांची आठी गेली. ते मोठ्यानं म्हणाले, "रिकामी हाय," आणि बंदूक त्यांनी बहिणीच्या हातात दिली.

आत्यानं रीतीप्रमाणं पुन्हा बघितलं नाही. तिनं दारू ओतली, बोळा घातला, छर्रे, बोळा, ठासलं. ठासून झाल्यावर तारेचा वेढा जेवढा वर यायला हवा तेवढाच वर आला, चार बोटं. दोन बारांची जाडी आणि माझी कोयत्याची करामत यांची वजाबाकी बरोबर जुळली होती. पुढं मी सोलापुरात शाळेत जन्मभर गणित शिकवलं. पोरींच्या लाकडी पट्ट्यांची टोकं झिजलेली असतात म्हणून मी त्यांना शून्यापासून कधी मोजू दिलं नाही, एकपासून मोजायला लावायचे आणि शेवटी एक वजा करायला. नव्या बाई हसायच्या. मी कुणाला कारण सांगितलं नाही.

आवाज नेहमीसारखा झाला नाही. नेहमीचा बार घुमायचा, हा फाटला. धुराच्या आत आत्या खाली बसलेली दिसली, अगदी सावकाश, पाटावर बसावी तशी, आणि तिचा डावा हात तिनं पदरात घेतला होता. ती ओरडली नाही. कानडीत एवढंच म्हणाली, "अण्णा, बा इल्ली." म्हणजे इकडं ये. तिला सगळ्यात आधी अण्णाच हवे होते, आणि ते तिच्यापाशी पोचायच्या आत आप्पांनी त्यांचा दंड धरला होता.

बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकमधून आत्याला सोलापूरला नेलं. डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. फुटलेली बंदूक पोलिसांनी नेली, अपघात म्हणून लिहून घेतलं, आणि आप्पांनी परवाना स्वतःहून परत केला. गज धुरळ्यात लांब उडाला होता. तो मी कुणाच्या नकळत उचलला आणि माळ्यावर, पेरणीच्या जुन्या पाभरीच्या मागं, टाकला. कुणालाही त्याची आठवण झाली नाही. बंदूकच राहिली नाही, गज कशाला हवाय.

त्याच आठवड्यात आप्पांच्या अंगणात जे बोलणं झालं ते मी दाराआडून ऐकलं. आप्पा चढ्या आवाजाचे नव्हते, त्या दिवशीही नव्हते. धाकट्या भावाला, अण्णांना, ते मल्लू म्हणत.

"मल्लू, गज घालून बघितला व्हतास?"

"बघितला व्हता, आप्पा. तुमच्या म्होरंच घातला की."

"घातलास. बघितलास का?"

"बघितला. तार तोंडाला व्हती."

"तार तोंडाला असती तर आत बार नसता. आन् आत बार नसता तर पोरीची बोटं ऱ्हायली असती. गज काय खोटं बोलत न्हाय. मग कोण बोलतंय?"

मी दाराआड उभी होते. आता अण्णा म्हणतील, सुशीलाही विचारलं होतं मी, ती म्हणाली काढला. एवढं म्हटलं असतं तर त्यांचा निम्मा भार उतरला असता. ते म्हणाले, "माझीच नजर चुकली असंल." आणि उठून आले. दारातून जाताना मी त्यांना दिसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला केलं, बस.

अण्णांची नजर ही आमच्या गावात काही साधी गोष्ट नव्हती. बांधाचा दगड सरकला की नाही, विहिरीला किती पुरुष पाणी आहे, कडब्याच्या गंजीत किती पेंढ्या असतील, हे विचारायला माणसं त्यांच्याकडं यायची. मोजणीदार येईल तेव्हा येईल, अण्णा म्हणाले ना, मग झालं, असं म्हणून भांडणं मिटायची. आता तेच अण्णा संध्याकाळी दाराची कडी लावायचे, ओट्यावर बसायचे, आणि उठून पुन्हा कडी बघायचे. म्हशीचं दावं बांधायचे आणि दहा पावलं जाऊन परत यायचे. जेवताना मध्येच अव्वाला म्हणायचे, "तार तोंडाला व्हती गं. मला दिसली." अव्वा म्हणायची, "इसरा आता." ते मान हलवायचे आणि भाकरी तशीच हातात राहायची. आत्याला भेटायला ते एक दिवसाआड एसटीनं सोलापूरला जात होते, भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून. आत्या चटणी ठेवून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची. एकदा येताना ते डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, अण्णांनी सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, डोळे अजून वीस वर्षं काही म्हणणार नाहीत. हे ऐकून आनंद व्हायला हवा. अण्णांचं तोंड मात्र आणखीच उतरलं. त्यांनी बाजारातून एक चष्मा घेतला, साधाच, काचांना काही नंबर नसलेला, आणि तो लावून हिंडू लागले. माणसं वाईट बोलतील त्यापेक्षा डोळे वाईट असलेले बरे, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

मला मार मिळत नव्हता, बोलणं मिळत नव्हतं, उलट आत्या नसल्यामुळं मी सगळ्यांची लाडकी झाले होते. मला वाटायचं, आणखी थोडे दिवस गेले की हे आपोआप जुनं होईल. मग एके सकाळी शेजारच्या रानाचा मालक आला. दोन भावांत बांधावरून जुंपली होती. "अण्णा, चला की जरा. तुमी सांगाल त्ये दोघं ऐकत्यात." अण्णा खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मला नका बोलवू. माझं खरं न्हाय आता." तो माणूस गेला. अव्वा आत ज्वारी पाखडत होती, तिचं सूप थांबलं. अण्णांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता ते स्वतःबद्दल एक खोटी गोष्ट खरी मानून बसले होते. ती त्यांच्या मनात मी घातली होती.

आत्या तेव्हा नुकतीच घरी आली होती. मी माळ्यावर चढले, पाभरीमागून गज काढला आणि ओढ्याकडच्या रानात गेले. आत्या उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचा सराव करत होती. डाव्या हातात शेंग ठरत नव्हती, निसटून जात होती, आणि ती प्रत्येक शेंगेला कानडीत शिवी देत होती. मी गज तिच्यासमोर ठेवला आणि वांग्यांपासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, तोंडावरची माशीही तिनं हाकलली नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "किती उडवलंस?"

"ठाऊक न्हाय."

तिनं गजाचं तासलेलं टोक बघितलं. मग बोटांनी मोजायला डावा हात पुढं केला, त्याकडं बघितलं आणि मागं घेतला. "माझी आता भरत न्हाईत," ती म्हणाली. "ऊठ. मला सांगून काय उपेग? माझ्या बोटांचं जे व्हायचं त्ये झालं. ज्याचं अजून चाललंय त्याला सांग."

तिनं माझा दंड धरला, त्याच हातानं, तीन बोटांनी. ती पकड मला आजही दंडावर दाखवता येईल. तशीच ती मला आप्पांच्या अंगणात घेऊन गेली आणि अण्णांना बोलावणं धाडलं. अण्णा आले, चष्मा लावलेले. आप्पा झोपाळ्यावर होते. आत्या म्हणाली, "बोल." मी बोलले. वांगी, आर, कोयता, खोबण. आवाज इतका बारीक येत होता की आप्पांनी दोनदा "काय?" म्हटलं आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

आप्पांनी गज हातात घेतला. त्यांना नळीची लांबी पाठ होती, जन्मभर हाताळलेली. त्यांनी उंबऱ्याजवळ जमिनीवर गज ठेवला, तारेपासून वितीनं मोजत आले, टोकाशी थांबले, आणि उरलेल्या जागेत आपली चार बोटं आडवी ठेवली. चारही बसली. मग माझ्याकडं नाही, आत्याकडं नाही, अण्णांकडं बघून म्हणाले, "मल्लू, गज खोटं बोलला."

मला वाटलं होतं, आता मार. मी डोळे मिटूनही घेतले होते. उघडले तेव्हा अण्णा हसत होते. हसत होते की रडत होते हे मला त्या वेळी कळलं नाही, आज कळतं, दोन्ही चाललं होतं. ते म्हणत होते, "तार तोंडाला व्हती. म्हंजी मला दिसलं त्ये बरोबरच दिसलं व्हतं. गौरा, मी बघितलं व्हतं गं. खरंच बघितलं व्हतं."

"व्हय अण्णा," आत्या म्हणाली. "बघितलं व्हतंस."

त्यांनी चष्मा काढला, घडी केली आणि खिशात टाकला. तो मी पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर पाहिला नाही. माझ्यावर रागवायचं राहूनच गेलं. त्यांना आपली नजर परत मिळाली होती, त्या आनंदात कुणी घेतली होती हे विचारायला त्यांना सवड नव्हती. आणि मला तिथंच, त्या अंगणात, कळलं की मी काय नेलं होतं.

पण अजून अर्धं राहिलं होतं. मी तोंड उघडलं, म्हटलं, "अण्णा, आणिक एक, तुमी मला इचारलं व्हतं तवा..." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ते हसायचे थांबले नव्हते, पण डोळे एकदम स्थिर झाले. ते म्हणाले, "बास. झालं सांगून. गौरा, जेवलीस का?" आणि सगळे उठले.

आत्यानं मात्र मला शिक्षा दिली, आणि ती बरी होती. "वरीसभर माझा डावा हात तू," ती म्हणाली. मी तिच्या पेंढ्या बांधल्या, वेणी घातली, शेंगा फोडल्या. वर्षानं ती तीन बोटांनी सगळं करायला शिकली, भाकरीसुद्धा. गज आजही येळवशीला या घरातून त्या घरात जातो. बंदूक नाही, परवाना नाही, ज्वारीच्या जागी निम्म्या रानात ऊस आहे. देणारा अजून "रिकामी हाय" म्हणतो आणि पोरं हसतात. एक बदल आत्यानं केला होता, घेणाऱ्यानंही मोजून बघायचं. यंदा तो माझ्याकडं आहे, सोलापूरच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या मागं उभा.

अण्णा पुढं पुष्कळ जगले. बांधाच्या भांडणांना पुन्हा जाऊ लागले, म्हशीचं दावं एकदाच बांधू लागले. आणि त्या दिवसापासून त्यांना एक सवय लागली. काही विसरल्यासारखं वाटलं की ते मला विचारायचे, घरात चार माणसं असली तरी मलाच. "सुशे, कडी लावली न्हवं?" मी म्हणायचे, "लावली, अण्णा." मग ते ओट्यावर निवांत टेकायचे, उठून बघायला कधी जात नसत. मी थोडा वेळ बसायचे, आणि मग त्यांच्या नकळत जाऊन कडी बघून यायचे.